अर्धी राखून ठेवलेली बॅटरी

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरे ब्रिजला जुलैत, ऐन हिवाळ्यात, सकाळी दात वाजतात. नदीवरचं धुकं रस्त्यापर्यंत चढून येतं, अंगणातलं गवत पांढरंफटक पडलेलं असतं, आणि वर्ना नोस्के दोन स्वेटर, त्यावर नवऱ्याचा जुना कार्डिगन अशा थाटात स्वयंपाकघरात उभी असते. त्या दिवशीही कामं सगळी तयार होती. कपडे मशिनमध्ये भरलेले, वर साबण घातलेला. मटणाचा तुकडा मीठ-मिरी चोळून ओव्हनच्या ट्रेमध्ये ठेवलेला. फक्त बटणं दाबायची राहिली होती, आणि ती कधी दाबायची हे टेबलाशी बसलेल्या नवऱ्याच्या, मर्व्हच्या, हातातल्या फोनवर ठरायचं.

"दाबू?" वर्नानं विचारलं.

"थांब जरा. छपरावर अजून ऊन आलेलं नाही."

"मला तर खिडकीतून दिसतंय आलेलं."

"तुला दिसतंय गं, सोलर पॅनलला दिसायला हवं. दहानंतर बघू."

सकाळचे तास महाग, संध्याकाळचे त्याहून महाग, आणि दुपार स्वस्त. वीज कंपनीनं दर असे वेळेवर बांधले तेव्हापासून नोस्क्यांच्या घरात घड्याळाचा अर्थच बदलला होता. सकाळचा चहाही कालच्या दुपारच्या पाण्याचा. फुकटच्या उन्हावर उकळायचं, थर्मासात भरायचं, सकाळी ओतायचं. त्या पाण्यात पत्ती सुटता सुटत नाही, आणि दूध घातलं की चहा कोमट डबक्यासारखा दिसतो. वर्ना तो पीत असे. सवयीनं माणूस काय काय पितं!

तेवढ्यात दारावर थाप पडली.

दारात पन्नाशीची, बारीक कापलेल्या करड्या केसांची बाई उभी होती. अंगात चकचकीत पट्ट्यांचं जाकीट, हातात हत्यारांची पेटी. "गुड मॉर्निंग. मी डेमी. सोलरची वीज साठवणारी बॅटरी तपासायला आलेय. गॅरंटी संपायच्या आत एकदा बघायची असते ना?"

"अरे हो, मीच बोलावलंय!" मर्व्ह खुर्ची मागे सारून उठला. बायकोला सांगायचं राहून गेलं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. "ये पोरी, ये. या गल्लीतली पहिली बॅटरी आहे बरं का! लोक हसले होते मला. आता तेच येऊन विचारतात, मर्व्ह, परवडतं का रे हे? मी म्हणतो, येत्या मार्चमध्ये सगळे पैसे फिटतायत. मार्चनंतर जे येईल तो निव्वळ नफा!"

"चहा घेणार ना?" वर्नानं डेमीला विचारलं आणि किटलीकडे हात नेला.

"थर्मासातला दे की," मर्व्ह म्हणाला.

वर्नाचा हात किटलीवरच थांबला. तिच्या माहेरी, पामर गावाच्या वाटेवर, गाईगुरं होती. दूध न्यायला येणारा ट्रकवाला असो की कुंपण दुरुस्त करणारा, आई त्याच्यापुढे वाफाळता चहा आणि केकचा तुकडा ठेवल्याशिवाय त्याला जाऊ द्यायची नाही. वर्नानं थर्मास उघडला, चहा ओतला आणि मान वर न करता तो डेमीच्या हातात दिला. डेमीनं एक घोट घेतला. "छान," म्हणाली, आणि कप तसाच हातात धरून गॅरेजकडे गेली.

वर्ना नोस्के ही मुळात गाणारी बाई. आवाज खालच्या पट्टीतला, दाट, सायीसारखा. लुथरन चर्चमध्ये तिच्या आईनं गायलं, आजीनं गायलं, आणि वर्नानं तर शाळेच्या कँटीनमध्ये वीस-बावीस वर्षं पाय भरून येईपर्यंत उभं राहूनही रविवार कधी चुकवला नाही. पण तिचा खरा दिवस गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी वर्ना धरून चौघी जणी तिच्या पुढच्या खोलीत जमायच्या. तिथं तिच्या आईचा पियानो होता आणि भिंतीत मोठा हीटर. चार वाजल्यापासून वर्ना हीटर लावून ठेवी आणि त्याच्यासमोर स्टुलावर जर्मन केकचं पीठ फडक्याखाली फुगायला ठेवी. बायका येईपर्यंत ते पातेल्याच्या काठावर आलेलं असे. मग ओव्हन, दालचिनीचा वास, काचांवर वाफ. गाणं थोडं, हसणं फार. पाद्र्याच्या नकला करण्यात इल्से लिंडनरचा हात कुणी धरला नसता. एकदा ती अशी खोकत खोकत हसली, की हेडीनं तिच्या पाठीवर चापट्या मारता मारता स्वतःचा चष्मा पियानोत पाडला.

इल्सेची छाती लहानपणापासून नाजूक. तिला ऊब लागे. "तुझ्या घरी मी गायला येते असं वाटतं का तुला?" ती म्हणायची. "अगं, मी शेकायला येते."

मग घरात बॅटरी आली.

मर्व्ह वाईट माणूस नव्हता. वर्नाला कुणी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं, आजही सांगेल. दारू बेतानं, हात कधी उचलला नाही, दूध डेअरीतला फिटर, यंत्राचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा. निवृत्त झाल्यावर त्याला कान लावायला यंत्र उरलं नाही. ती जागा बॅटरीनं भरून काढली. रोज संध्याकाळी खुर्चीत बसून तो फोनमध्ये बघे आणि घरच्या विजेचं बातमीपत्र वाचून दाखवी. सहा वाजता म्हणे, "उतरतेय." सात वाजता म्हणे, "संपली बघ. आता कंपनीची सुरू झाली. वर्ना, पुढच्या खोलीत काय चालू आहे?"

पहिल्या हिवाळ्यात पुढच्या खोलीत हीटर चालू असे. मर्व्ह दारात येऊन उभा राही. बायकांना काही म्हणत नसे, फक्त हीटरकडे बघे. त्या बघण्यानं बायका उठून जायच्या. पुढे हीटर बारीक झाला, मग बंद. केक दुपारीच भाजून ठेवायचा, तो संध्याकाळपर्यंत कोरडा पडायचा. ऊबच नसेल तर पीठ फुगणार तरी कसं! बायका कोट घालून गायला लागल्या. पियानोच्या पट्ट्या एवढ्या गार पडत, की वर्ना दोन गाण्यांच्या मध्ये हात काखेत धरून बसे.

शेवटच्या गुरुवारी इल्सेनं टोपीही काढली नाही. निघताना दारात म्हणाली, "वर्ना, यापेक्षा चर्चमध्ये बरी. तिथं निदान देवाची भीती वाटून घाम तरी फुटतो." सगळ्या हसल्या. नंतर इल्से आली नाही. मग चौघींतली आणखी एक यायची थांबली. उरलेल्या हेडीनं आणखी दोन-तीन गुरुवार रेटले, पण दोघींचं गाणं कुठवर ओढणार? इल्सेला दोन वर्षांनी वृद्धाश्रमात हलवावं लागलं, आणि गेल्या सप्टेंबरात ती गेली. तिच्या दफनाला वर्ना गायली. चर्चमध्ये त्या दिवशी हीटर अगदी छान चालू होते.

हे सगळं वर्नानं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मनात एकच गोष्ट धरून बसली होती: बॅटरी संपते, त्याला तरी कोण काय करणार? हिवाळ्यात ऊनच कमी. आडातच नाही म्हटल्यावर पोहऱ्याला दोष देऊन काय उपयोग? मर्व्ह आपल्यापरीनं पुरवून पुरवून वापरतोय. आणि खरं म्हणजे, असं मानणं तिच्याही सोयीचं होतं. नवऱ्याशी भांडण्यापेक्षा उन्हाशी भांडलेलं सोपं असतं.

गॅरेजमधून बोलण्याचे आवाज येत होते. वर्ना चिमट्यांची टोपली घेऊन तिकडच्या दाराशी आली. भिंतीवरची पांढरी पेटी मर्व्ह दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसतो, त्यामुळे ती अजून कोऱ्या फ्रिजसारखी दिसत होती. डेमीनं तिला कसलीशी वायर जोडली होती आणि ती हातातल्या पडद्यावर काही बघत होती.

"आता तपासणीसाठी मला थोडा वेळ वीज बंद करावी लागेल," ती म्हणाली. "त्याआधी एक विचारायचं राहिलं. मशीनवर कोण आहे?"

"कसलं मशीन?" मर्व्ह म्हणाला.

"ऑक्सिजनचं वगैरे. कोणी आजारी आहे का घरात? नाही म्हणजे, राखीव अर्ध्यावर लावलंय ना, म्हणून विचारलं. एवढं राखीव बहुधा तशाच घरी ठेवतात."

"कोणी आजारी नाही. आपली असावी हाताशी."

"राखीव म्हणजे?" वर्नानं दारातून विचारलं.

मर्व्हनं मागे वळून बघितलं. डेमीला कुठं ठाऊक होतं की आपण कशावर पाय ठेवतोय! तिनं सरळ सांगून टाकलं. "राखीव म्हणजे, मिसेस नोस्के, बॅटरी अर्ध्यापर्यंत उतरली की थांबते. उरलेली अर्धी बाहेरची वीज गेली तरच वापरायला मिळते."

"अर्ध्यावर थांबते. म्हणजे संपलेली नसते?"

"छे! अर्धी भरलेलीच असते."

"रोज संध्याकाळी?"

"सेटिंग तसं असेल तर रोजच. कधीपासून लावलंय हे?"

"पहिल्या दिवसापासून," मर्व्ह म्हणाला. त्याच्या आवाजात जरा अभिमानच होता. "मी हातचं राखून चालणारा माणूस आहे. सगळं राज्य अंधारात बुडालं होतं ना त्या वादळात? पुन्हा बुडालं तर हे घर नाही बुडणार."

"पुन्हा बुडालं का?" वर्नानं विचारलं.

"एकदा गेली होती की वीज. आपण लेकीकडे, शॅरिनकडे, डार्विनला गेलो होतो तेव्हा."

वर्नानं टोपलीतला एक चिमटा उचलला, उघडला, मिटला. "आणि गेली असती, तर पुढच्या खोलीतला हीटर चालला असता का यावर?"

डेमी भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाकडे गेली, झाकण उघडून खटक्यांवरची नावं वाचू लागली. "हीटर नाही. सगळं घर नाही जोडलेलं यावर. फ्रिज आहे. आणि... पॅसेजमधला दिवा. बस, एवढंच."

पॅसेजमधला दिवा.

मर्व्ह बुटाच्या टोकानं जमिनीवरचा डाग खरवडू लागला. त्या वादळाच्या रात्री तो डेअरीत पाळीवर होता आणि वर्ना चर्चच्या गाडीतून ॲडलेडला गेली होती. सिग्नल बंद, रस्ते तुंबलेले, ती उजाडेपर्यंत परतलीच नाही. मागच्या खोलीत मर्व्हची आई एकटी होती. म्हातारी अंधारात उठली, पॅसेजमध्ये पडली आणि सकाळपर्यंत तिथेच पडून राहिली. नंतर हॉस्पिटलातून ती घरी आली नाही. नवरा-बायको त्यावर कधी बोलले नाहीत. पुढच्याच वर्षी मर्व्हनं बॅटरी घेतली आणि ती बिल कमी करायला घेतली असं सगळ्यांना सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं.

"आता हे बघा," डेमी म्हणाली. दोघांमधलं काहीतरी तिच्या लक्षात आलं असावं, कारण ती भराभर बोलू लागली. "बॅटरी चालू आहे. पण जेवढी होती तेवढी आता राहिलेली नाही. साधारण दोन तृतीयांश धरा."

"दोन तृतीयांश?" मर्व्हचा चेहरा पडला. "अगं, पण अर्धीला तर आम्ही कधी हातही लावला नाही! कोरी आहे ती!"

"बॅटरी वापरली नाही म्हणून तरुण राहत नाही, मिस्टर नोस्के. नुसती भरून ठेवली तरी म्हातारी होतेच."

कप तिनं फळीवर ठेवला होता. जाताना तिनं तो वर्नाला परत दिला. तो अर्धा भरलेला होता. "सॉरी हं," ती हळूच म्हणाली. ते चहाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, देव जाणे.

डेमी गेली तेव्हा दहा वाजून गेले होते. छपरावर ऊन पसरलं होतं. मर्व्हनं आल्या आल्या, "दाब आता," म्हटलं आणि टेबलाशी बसून तो आकडे जुळवायला लागला. वर्नानं बटण दाबलं नाही. ती त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

"मार्चमध्ये फिटणार होती," मर्व्ह म्हणाला. "आता नाही. आता आणखी दोन हिवाळे धर."

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे?"

"दोन हिवाळे कुणाचे धरू? माझे?"

मर्व्हनं चष्म्यावरून बघितलं. "आता तू सुरू नको होऊस. ती बाई काय, येईल आणि बोलून जाईल. बॅटरीनं कमावलं ते कमावलंच ना! बॅटरी यायच्या आधीच्या वर्षाचं बिल काढ, आत्ताचं काढ, वजाबाकी कर. सरळ हिशोब आहे."

"त्या आधीच्या बिलात माझे गुरुवार होते, मर्व्ह."

तो फोनवरचे आकडे पुन्हा वर-खाली सरकवू लागला.

"हीटर होता, ओव्हन होता, चार बायका होत्या. ते सगळं बंद केलंस तर बिल कमी होणारच. त्याला बॅटरी कशाला हवी? नुसता दारात उभा राहिला असतास तरी झालं असतं. उभा राहतच होतास."

"मी कधी कुणाला जा म्हणालो?"

"नाही म्हणालास. तू 'संपली' म्हणायचास."

"माझ्या दृष्टीनं संपलेलीच असायची! राखीव धरायचं नसतं. राखीव ते राखीव!" त्याचा आवाज चढला आणि मधेच चिरला. "तुला काय माहीत अंधार पडल्यावर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. फोन पालथा ठेवला.

खिडकीबाहेर गवतावरचं पांढरं वितळून आता नुसतं ओलं दिसत होतं. शेजारच्यांची मोटार चालू झाली, निघून गेली. वर्नाला एकदा वाटलं, त्याच्या हातावर हात ठेवावा. पन्नास वर्षांच्या सवयीनं तिचा हात पुढे सरकलाही. पण तो अर्ध्या टेबलावरच राहिला.

"आई गेल्या, मर्व्ह," ती म्हणाली. "त्या वर्षीच गेल्या. त्या दिव्याखाली आता कुणी पडणार नाहीये. मला सांगितलं असतंस, तर मी स्वतः त्या पॅसेजमध्ये कंदील टांगून ठेवला असता रोज. पण इल्से तेव्हा जिवंत होती. ती त्या खोलीत कोट घालून बसली होती आणि भिंतीपलीकडे अर्धी बॅटरी भरलेली होती."

"मला काय माहीत तिची छाती इतकी..."

"माहीत होतं तुला. सगळ्या गावाला माहीत होतं."

मर्व्हनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग, जसं डेअरीत एखादं यंत्र बिघडल्यावर साहेबाला सांगत असेल तसं म्हणाला, "राखीव कमी करतो. वीस टक्क्यांवर आणतो. बास?"

वर्नाला हसू आलं, पण ते हसू बघून कुणालाही बरं वाटलं नसतं. वीस टक्के! या माणसाशी भांडणसुद्धा टक्क्यांतच मिटवावं लागणार होतं. आणि मिटून मिळणार काय होतं? इल्से स्मशानात. चौथी मुलाकडे मेलबर्नला. राहता राहिली हेडी. ती ब्याऐंशीची, कानाला यंत्र, गुडघे कामातून गेलेले. तिला टॅक्सीनं आणावं लागेल, आणि तिचा सूर आता नक्की कुठं लागेल ते तिचं तिलाच ठाऊक. वर्नाचा स्वतःचा आवाजही हल्ली खालच्या पट्टीत खरखरतो. नऊ हिवाळे काही राखीव पडलेले नव्हते, की बटण फिरवलं आणि परत आले.

तरीही ती उठली. ट्रेमधलं मटण झाकून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं. किटलीत पाणी भरलं आणि मर्व्हकडे न बघता बटण दाबलं. किटली गुणगुणायला लागली.

"गुरुवारी ढगाळ आहे," मर्व्ह म्हणाला. सवयीनंच म्हणाला असावा, त्याच्या हातात फोनही नव्हता. "आठवडाभर तसंच दाखवतायत."

वर्नानं दोन कप काढले, पत्ती घातली आणि पाणी खळखळेपर्यंत थांबली.

"गुरुवारी हेडीला बोलावणार आहे," ती म्हणाली. "चार वाजता पुढच्या खोलीतला हीटर लाव. तूच लाव. आणि ती घरी जाईपर्यंत बंद करू नकोस. एवढंच कर."